गावात घरटी ट्रॅक्टर झाले, आता भाड्याच्या धंद्याचं काय?

दौंड तालुक्यातल्या यवतजवळच्या एका गावातल्या तरुणाचा प्रश्न थोडक्यात असा: "वडिलांनी २००४ साली एका ट्रॅक्टरवर भाड्याची कामं सुरू केली. आज दोन ट्रॅक्टर आहेत, एक ४५ एचपी आणि एक जुना ३५ चा. सोबत माती भुसभुशीत करणारा सहा फुटी रोटर, पलटी नांगर, सरी पाडायचा रेझर, ट्रॉली. तेव्हा गावात तीन ट्रॅक्टर होते, आता चाळीसच्या वर आहेत. एकरी दर तीन वर्षं हललेला नाही, उधारी थकली आहे, आणि २०२५ च्या मे महिन्यातल्या पावसानं नांगरटीचा हंगामच गेला. कर्ज काढून ड्रोन घेऊ, ऊसतोडणी यंत्रात भागीदारी करू, की सगळं विकून चाकणला नोकरी बघू?"

वयानं लहान आहेस म्हणून अरेतुरे करतो. मंचरच्या बाजूला १९९८ पासून मी हाच धंदा करतो आहे, त्यामुळे तुझी अडचण नवी वाटली नाही. एक गोष्ट मात्र खटकली. तुझ्या प्रश्नात यंत्रं सात-आठ आली, गिऱ्हाईक एकही आलं नाही.

आधी वडिलांची उधारीची वही काढ. मागच्या तीन वर्षांची प्रत्येक नोंद घे आणि तीन गोष्टी शेजारी शेजारी मांड: काम कुणाचं आणि कसलं, काम कधी केलं, पैसे कधी आले. मी हे नोटाबंदीनंतरच्या महिन्यात केलं होतं. कुणाकडेच रोकड नव्हती, यंत्रं दारात उभी, वेळच वेळ होता. तेव्हा कळलं, की ज्या बागायतदाराकडे मी सगळ्यात आधी ट्रॅक्टर पाठवत होतो, पाटील म्हणून चहा पिऊन येत होतो, त्याचे पैसे सरासरी अकरा महिन्यांनी येत होते. आणि आठ गाईवाला एक माणूस, ज्याचं काम मी "बघू, मोकळा झालो की येतो" म्हणून ढकलायचो, तो त्याच आठवड्यात पैसे देत होता. अठरा वर्षं धंदा करून हे मला वही समोर घेतल्यावर दिसलं.

याचं कारण माणसाच्या दानतीत कमी आणि पिकात जास्त असतं. तुमच्याकडे खडकवासल्याच्या कालव्याचं पाणी, म्हणजे ऊस आलाच. आता आडसालीचा, म्हणजे पावसाळ्यात लावलेल्या उसाचा हिशोब बघ. सरी तू जून-जुलैत सोडतोस. तो ऊस तुटतो पुढच्या वर्षीच्या हिवाळ्यात, म्हणजे दीड वर्षानं. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस गेल्यावर १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान दर, द्यायची असते, पण प्रत्यक्षात बिल हप्त्याहप्त्यानं येतं हे तुला मी सांगायला नको. त्या हप्त्यातून सोसायटी जाते, खताचं दुकान जातं, लग्नाचं देणं जातं, आणि उरलं तर रोटरवाला. तुमच्या भागातल्या गुऱ्हाळांना ऊस घालणाऱ्याचे पैसे त्यामानानं लवकर फिरतात. वहीत ही दोन गिऱ्हाइकं वेगळी कर, दोघंही 'ऊसवाले' म्हणून एकत्र धरू नकोस.

कांदा-टोमॅटोवाल्याच्या हातात बाजारातली विक्रीची पट्टी आली की रोख असते, पण तो जुगार आहे आणि त्यात तूही नकळत भागीदार असतोस. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यातबंदी झाली, त्या हंगामातली माझी काही उधारी अजून वहीतच आहे. दूधवाल्याचं बिल दर दहा दिवसांनी होतं. दर पडला की तोही कुरकुरतो, पण दहा दिवसांत तीनशे-चारशे का होईना, देतो. काम कोणतं वाढवायचं हे ठरवताना मी आता यंत्राची माहितीपत्रकं बघत नाही, गिऱ्हाइकाच्या हातात पैसा कोणत्या तारखेला येतो ते बघतो.

आता मे महिन्याकडे येऊ. आपला धंदा ट्रॅक्टरवर चालतो असं लोकांना वाटतं, तो चालतो वापशावर, म्हणजे रान औत घालण्याइतकं सुकण्यावर. पुण्यात मोसमी पाऊस एरवी जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येतो. २०२५ ला तो २६ मे रोजीच आला, आणि त्याच्या आदल्या दिवशी बारामतीकडे नीरा डावा कालवा फुटला. दौंड-इंदापूरच्या काळ्या रानांत पाय ठेवायची सोय राहिली नाही. त्याआधी २०२३ ला उलटं झालं होतं. जूनचा पाऊस उशिरा, आणि ऑगस्ट तर देशभरात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा. म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून मृगापर्यंत सलग महिनाभर दिवसरात्र ट्रॅक्टर पळवायचा आणि त्यावर वर्षाचे हप्ते फेडायचे, हे वडिलांच्या काळातलं गणित आता दरवर्षी जुळेल याची खात्री नाही. वर्षाची निम्मी कमाई एका महिन्यावर ठेवणं हा आता मोठाच धोका झाला आहे.

हप्त्याचं गणित एकदा कागदावर कर. धर, ट्रॅक्टरचा वर्षाचा हप्ता दीड लाख आहे. वर्षाला सहाशे तास चालला तर तासामागे हप्त्याचे अडीचशे पडतात. तीनशेच तास चालला तर पाचशे. रोटर मारताना ४५ एचपीला तासाला पाच-सहा लिटर डिझेल लागतं, लिटर नव्वदीच्या आसपास, म्हणजे तेच साडेचारशे-पाचशे झाले. त्यात ड्रायव्हर, रोटरची पाती, टायरची झीज, ऑईल. आता सांग, गावातला दुसरा माणूस 'शंभर कमी घे' म्हणतो तेव्हा तू कशातून कमी करतोस? बहुतेक जण ट्रॅक्टरच्या घसाऱ्यातून कमी करतात आणि सात-आठ वर्षांनी इंजिनकाम निघालं की कर्ज काढतात. (तास मोजताना मीटरवर आंधळा विश्वास नको. बऱ्याच ट्रॅक्टरचा तासमीटर इंजिनच्या फेऱ्यांवर चालतो, कमी रेसवर काम केलंस तर घड्याळाचा तास आणि मीटरचा तास जुळत नाही.)

म्हणून रोटरच्या दरावर भांडत बसू नकोस. ती लढाई हरलेली आहे. ज्याच्या दारात ट्रॅक्टर आहे तो स्वतःचं डिझेल धरतो, स्वतःचा वेळ धरतच नाही, त्याच्याशी दरात कोण टिकणार?

पण याच माणसाकडे जरा नीट बघ. त्याच्याकडे ट्रॅक्टर आहे, रोटर आहे आणि बहुतेक वेळा ट्रॉली. बाकी काही नाही. खालचा कडक थर फोडणारा सबसॉयलर नाही, बेड पाडायचं यंत्र नाही, मल्चिंग पेपर अंथरायचं यंत्र नाही. दहा-पंधरा वर्षं दर हंगामाला रोटर मारून काळ्या रानात पाच-सहा इंचांखाली कडक थर बसला आहे, पाणी खाली उतरत नाही, हे आता त्यालाही दिसतं. दोन-तीन वर्षांतून एकदा सबसॉयलर घालायला त्याला हवा असतो, पण त्यासाठी विकत कोण घेईल? चाळीस ट्रॅक्टर म्हणजे तुझी चाळीस गिऱ्हाइकं आहेत, अवजारांची. मी २०१८ पासून अवजारं ट्रॅक्टरशिवाय, दिवसाच्या भाड्यानं देतो. सकाळी घेऊन जा, संध्याकाळी आणून लाव. अनामत आधी, परत आणताना फण आणि पिन दोघांनी मिळून बघायच्या. डिझेल त्याचं, ड्रायव्हर तो, आणि माझे पैसे रोख. एक पथ्य पाळ: गिअरबॉक्स असलेलं, पीटीओवर (ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर) चालणारं अवजार असं सोडून देऊ नकोस. दुसऱ्याच्या हातात ते दगडावर आपटतं आणि मग वर्षभराचं बोलणं बंद होतं. अशा यंत्राबरोबर आपला ट्रॅक्टर आणि आपलाच माणूस हवा.

असं आपल्या माणसानंच करायचं काम म्हणजे पाचट कुट्टी, उसाची वाळलेली पानं बारीक करणं. दौंडमध्ये बसून तू याबद्दल एक शब्द लिहिला नाहीस, याचं मला नवल वाटलं. ऊस तुटल्यावर एकरी तीन-चार टन पाचट रानात पडतं. पेटवलं की गेलं, ठेवलं तर खोडव्याला, म्हणजे बुडख्यातून पुन्हा फुटणाऱ्या उसाला, खत आणि ओल दोन्ही. अडचण एवढीच की लांब पाचटात पुढची कामं होत नाहीत, म्हणून लोक काडी लावतात. कुट्टी करणं, बुडखे जमिनीलगत छाटणं आणि बगला (सरीच्या कडा) फोडणं ही तीन कामं तोडणीनंतर पंधरा दिवसांत एका माणसानं करून दिली तर खोडवेवाला दर फार ताणत नाही, कारण त्याला मजूर मिळतच नाही. शिवाय ऊसतोड नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत चालते. म्हणजे काम पाच महिन्यांत पसरलेलं, तेही कोरड्या दिवसांत. मे महिन्यातला तुझा खड्डा भरायला याहून जवळचं काम मला दिसत नाही. आणि हे पैसे मागायची वेळही बरोबर असते, ऊस नुकताच गेलेला असतो. काम सुरू करण्याआधीच बोल: पहिला हप्ता आला की माझे.

दुसरं काम मुरघासाचं, म्हणजे हिरवा चारा कुट्टी करून हवाबंद टिकवण्याचं. इकडे आंबेगाव-जुन्नरला, तिकडे शिरूर-बारामतीला गोठे वाढले आणि चाऱ्याची सोय वर्षभराची लागायला लागली. मक्याची कापणी आणि कुट्टी एकदम करणारं एका ओळीचं यंत्र तुझ्या ४५ एचपीवर चालतं. पण यात यंत्र घेणं सोपं आणि काम शिकणं अवघड. मका पेरणीपासून साधारण ८० ते ८५ दिवसांत, दाणा चिकात असताना कापायचा. कुट्टी मुठीत दाबून बघायची. गोळा झाला पाहिजे आणि बोटांतून पाणी गळता कामा नये. पाणी गळलं तर दोन-चार दिवस थांब, गोळाच होत नसेल तर उशीर झाला. भरताना हवा राहिली की बुरशी, आणि बुरशीचा मुरघास खाऊन गाय आटली तर तुझं नाव दूध संघाच्या रांगेत सकाळी सहा वाजता निघतं. माझ्या पहिल्या वर्षी दोन खड्डे बिघडले. दोघांचे पैसे मी परत केले, एकाला वर चारा घेऊन दिला. ते दोघं आजही माझे गिऱ्हाईक आहेत.

यातली खरी कमाई कुट्टीच्या दरात नाही, जोडून देण्यात आहे. एकाकडे मका आहे पण जनावरं नाहीत, दुसऱ्याकडे बारा गाई आणि दीड एकर रान. दोघांना ओळखणारा तूच. वजनकाट्यावर टनावर व्यवहार कर, अंदाजानं 'एक ट्रॉली' नको, भांडणं तिथूनच होतात. ४५ दिवसांनी मुरघासाची बॅग उघडेल तेव्हा स्वतः हजर राहा.

आता ड्रोन. ड्रोन वाईट नाही, तुझ्यासाठी आत्ता नाही असं माझं मत. दहा लिटरच्या टाकीचा ड्रोन एकर सात-दहा मिनिटांत फवारतो हे खरं. पुरुषभर उंचीच्या उसात माणूस शिरू शकत नाही, तिथं त्याचा उपयोग आहेच. पण डाळिंब-द्राक्षाच्या बागेत पानाच्या खालच्या बाजूला औषध पोचवायला हवेच्या झोतानं फवारणारा ब्लोअरच लागतो. ड्रोन उडवणाऱ्याला रिमोट पायलटचं प्रमाणपत्र हवं, सरकारच्या डिजिटल स्काय साइटच्या नकाशावर आपलं शिवार हिरव्या, म्हणजे मोकळ्या पट्ट्यात आहे का ते बघावं लागतं, आणि लोहगाव विमानतळामुळे पुण्याच्या बाजूची बरीच गावं त्याबाहेर राहतात. वारा सुटला की काम बंद. बॅटऱ्यांचे जोड, त्या चार्ज करायला जनरेटर, पाणी वाहायला गाडी, दोन माणसं. लोक ड्रोनची किंमत धरतात, हे सगळं धरत नाहीत. तुमच्या पंचक्रोशीत 'नमो ड्रोन दीदी' योजनेतून एखाद्या बचत गटाला ड्रोन मिळाला असेल तर त्या ताईंना जाऊन भेट. त्यांच्याकडे ड्रोन आणि प्रमाणपत्र आहे, तुझ्याकडे गाडी, ड्रायव्हर आणि वीस वर्षांची गिऱ्हाइकं आहेत. एकरामागे वाटा ठरवून दोन हंगाम काढ. दहा लाखांचं कर्ज न काढता काम चालतं की नाही ते कळेल.

ऊसतोडणी यंत्राची भागीदारी मात्र साफ नको. यावर मी जरा कडवट बोलतो, कारण २०११ मध्ये मी एक जुना कंबाइन हार्वेस्टर घेतला होता. विकणाऱ्यानं पंजाबातल्या शेतांचे फोटो दाखवले, मी हुरळलो. त्याचं कापणीचं तोंड १४ फूट, आणि आमच्या पाणंदी आठ-नऊ फूट. प्रत्येक रानात जाताना तोंड सोडायचं, मागून ओढायचं, आत गेल्यावर पुन्हा जोडायचं. तिथं पोचल्यावर गहू वीस गुंठे. दुसऱ्या हंगामात एका बांधावरून उतरताना ॲक्सल गेला, आणि पुढची चार वर्षं तो शेडमध्ये उभा राहिला. कोंबड्या अंडी घालायच्या त्यात. तोडणी यंत्र त्याहून कितीतरी महाग, भागीदार तीन, कारखान्याचा करार, आणि दुरुस्तीला एक दिवस थांबलं तरी गाड्या खोळंबतात. ज्याच्या पाठीशी मोठं भांडवल आहे त्याला करू दे. पण ते यंत्र शिवारात येणारच आहे, मजूर कमी होत चाललेत. त्याला साडेचार-पाच फुटी सरी लागते, आणि तुमच्याकडे अजून बरीच लागण तीन-साडेतीन फुटांवर असेल. ती रुंद सरी सरळ रेषेत सोडून देणारा माणूस तू हो. रेझर तर आहेच तुझ्याकडे.

एक लहान गिऱ्हाईकवर्ग आणखी आहे, जो वडिलांच्या वहीत सापडणार नाही. भुलेश्वरच्या डोंगराकडे, पुरंदरमधल्या माळशिरसच्या बाजूला पुण्यातल्या लोकांनी घेतलेले तुकडे. अर्धा एकर, तारेचं कुंपण, आंब्याची वीस झाडं, मालक महिन्यातून एकदा येतो. गवत काढणं, आळी करणं, एक पाळी घालणं एवढंच काम. खरं सांगू तर मला त्या कामात रस वाटत नाही, शेती म्हणून त्यात काही नाही. पण महिन्याच्या एक तारखेला फोनवर पैसे जमा होतात, आणि तुझ्या ३५ च्या ट्रॅक्टरला एवढंच झेपतं. तिकडे विमानतळासाठी पुरंदरच्या सात गावांत जमीन संपादनाचं चाललंय, चक्राकार रस्ता आहे, प्लॉटिंग आहे. शिवार आक्रसणार हे धरूनच चाल.

कामाची आखणी बदल. फोन आला की पळायचं, हे बंद. एका शिवाराला एक वार दे: मंगळवारी अमुक मळा, बुधवारी तमुक वस्ती. रस्त्यावर जाळलेल्या डिझेलचे पैसे कुणी देत नाही. दहा-बारा गुंठ्यांचं तुकड्याचं काम असेल तर किमान वीस गुंठ्यांचे पैसे लाव, कारण त्यात वळणं जास्त आणि काम कमी. पहिल्या महिन्यात चार जण तोंड फिरवतील, त्यातले तीन परत येतात.

ड्रायव्हरला एकरावर पैसे दिलेस तर तो रोटर वर उचलून पळवतो, तासावर दिलेस तर बांधावर तंबाखू मळत बसतो. मी महिन्याचा पगार देतो आणि हंगाम संपल्यावर गिऱ्हाइकांना विचारून वर काही. विमा एकदा वाचून घे. शेतीकामाच्या नावावर नोंदलेल्या ट्रॉलीत भाड्यानं विटा-वाळू वाहताना अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते.

अनुदानाचं थोडक्यात. सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज कर, फार्मर आयडी (शेतकरी ओळख क्रमांक) तयार ठेव, आणि पूर्वसंमती हातात येण्याआधी यंत्र खरेदी करू नकोस. आधी बिल फाडलेल्यांचे अर्ज बाद झालेले मी पाहिले आहेत. पैसे आधी आपण भरायचे असतात, अनुदान मागून येतं, त्याच्या भरवशावर कुणाला तारीख देऊ नको. अवजार बँकेसाठी, म्हणजे भाड्यानं द्यायच्या अवजारांसाठी, कर्ज काढायचंच असेल तर बँकेत कृषी पायाभूत सुविधा निधीचं विचार, त्यात व्याजात तीन टक्के सवलत सात वर्षांपर्यंत मिळते.

राहिली चाकणची नोकरी. घरात एक पगार येत असेल तर धंद्याला आधारच होतो, त्यात कमीपणा काही नाही. पण सगळं विकून जाऊ नकोस. पहिल्या वर्षात फक्त एक सबसॉयलर आणि एक पाचट कुट्टी यंत्र, एवढंच घे. कुट्टी यंत्र घेण्याआधी तुझ्या ट्रॅक्टरची पीटीओ ताकद त्याला पुरते का ते वर्कशॉपमध्ये बघून घे, इंजिनचे एचपी आणि पीटीओचे एचपी एक नसतात. मुरघासाचं पुढच्या वर्षी.

मुरघास बघायचा असेल तर इकडे ये. आमच्याकडे जूनला पेरलेला मका ऑगस्टच्या शेवटाला, पोळ्याच्या आसपास कापायला येतो. दोन दिवस यंत्रामागे चाल, कुट्टी हातात घेऊन बघ. वडिलांना सोबत आण आणि ती वहीही आण. कोणतं नाव खोडायचं आणि कोणतं ठेवायचं, हे मला कळणार नाही आणि तुलाही नाही, ते त्यांनाच विचारावं लागेल.